गायरान देताय? मग सोळा पैसे मागा

गावोगावच्या सरपंच, सदस्य आणि ग्रामसभेला येणाऱ्या व न येणाऱ्या सगळ्या मंडळींना,

राम राम, जय भीम, सलाम.

मी निवृत्त लाइनमन. वीज मंडळात लागलो तेव्हा मंडळ एकच होतं. 2005 मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, पगाराच्या पावतीवरचं नाव बदललं, खांब मात्र तेच राहिले. नोकरीची बरीच वर्षं वैजापूर-गंगापूरच्या बाजूला गेली. आता चार एकर कोरडवाहू आणि एक विहीर एवढा संसार सांभाळतो. लोक अजूनही डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाली की आधी माझ्याकडे येतात, मग ज्याचं काम आहे त्याच्याकडे जातात.

पत्राचं कारण असं. गेल्या दोन वर्षांत आजूबाजूच्या तीन गावांच्या सरपंचांनी मला एकच प्रश्न विचारला : "काका, सोलरसाठी गायरान, म्हणजे गावाची चराईची जमीन, मागतायत. ठराव करून देऊ का?" तिघांनाही मी चहा पिता पिता उत्तर दिलं, आणि तिघांनाही अर्धवटच दिलं. एक तर देऊन मोकळाही झाला. त्यामुळे आता सगळं नीट कागदावर मांडतो. उपयोग वाटला तर चावडीवर वाचा, नाही वाटला तर चुलीला घाला.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. दिवसा वीज मिळालीच पाहिजे, आणि ती सूर्याची असेल तर फारच उत्तम. रात्रीचं दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं, काय असतं हे मी फक्त शेतकरी म्हणून नाही, लाइनमन म्हणूनही पाहिलंय. जानेवारीतली थंडी, गव्हाचं शेवटचं पाणी, रात्री साडेबाराला थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, येणार. माणूस कांबळं गुंडाळून बांधावर बसतो. बॅटरी एका हातात, फावडं दुसऱ्या हातात, पाय चिखलात. साप असतो, विंचू असतो, जुन्नर-निफाडकडे बिबट्या असतो. त्यातच स्टार्टरच्या पेटीत ओल आलेली. वीज आल्यावर ओल्या हाताने पेटी उघडू नका, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. पण वीज दीड तासात पुन्हा जाणार हे ज्याला माहीत आहे, तो कशाला थांबतो? आठ तास दिवसा नाहीतर दहा तास रात्री, आठवड्याच्या पाळीने, हे वेळापत्रक महाराष्ट्राच्या शेतीने वर्षानुवर्षं अंगावर काढलं. 2022 मध्ये कोल्हापूरला राजू शेट्टी आणि त्यांची माणसं दिवसा वीज द्या म्हणून वीज कार्यालयासमोर दिवसरात्र बसली होती, ती उगीच नव्हे.

वीज रात्रीच का द्यायचे, हेही सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की शेतकऱ्याला मुद्दाम छळायला. कोळशाचं केंद्र म्हणजे आपल्या गुऱ्हाळाच्या चुलाणासारखं. एकदा पेटवलं की सहज विझवता येत नाही. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ रात्रभर धगधगत राहणार. पण रात्री कारखाने, दुकानं, कचेऱ्या बंद, मागणी खाली. मग ती वीज कुठे घालायची? शेतीपंपावर. दिवसा शहरं मागतात तेव्हा पंप बंद ठेवायचे. म्हणजे शेतकऱ्याची झोप ही आकडेमोडीतली एक रिकामी जागा होती, आणि ती भरून काढली गेली. आता सूर्यामुळे तीच आकडेमोड उलटी झाली. दुपारी बारा ते तीन वीज भरपूर आणि स्वस्त, संध्याकाळी सात वाजता टंचाई. शेतीपंप दुपारी चालवणं हे आता वीजवाल्यांच्याही सोयीचं आहे. शेतकऱ्याच्या आणि वीज कंपनीच्या सोयी एका दिशेला आल्या, असं माझ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. तेवढ्याचसाठी ही सौर वाहिनीची योजना मला पटते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची. पहिले प्रयोग राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीला झाले. मग बरीच वर्षं काम रडतखडत चाललं. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि गाडीने वेग घेतला. 2024 च्या सप्टेंबरात आमच्याच वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 3 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, दुसऱ्या आवृत्तीतला राज्यातला पहिला. पुढच्याच महिन्यात वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला पंतप्रधानांनी अशा पाच प्रकल्पांचं, मिळून 19 मेगावॅटचं, लोकार्पण केलं. एकूण उद्दिष्ट आता 16,000 मेगावॅटचं आहे.

कल्पना साधी आणि चांगली आहे. गावाजवळच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत पॅनेल लावायचे, तिथली वीज त्याच उपकेंद्रात सोडायची, आणि तिथून निघणारा शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणारी लाइन, दिवसा चालवायचा. चंद्रपूरची वीज चारशे किलोमीटर तारेतून आणायची गरज नाही. वाटेतली गळती वाचते. आणि लाइनमनच्या नजरेला दिसणारी आणखी एक गोष्ट : लाइनच्या शेपटाला असलेल्या मोटरला पूर्वी 300-320 व्होल्ट मिळायचे, मोटर घूं घूं करायची आणि जळायची. वीज जवळून आली की शेपटालाही दाब बरा राहतो. वाइंडिंगवाल्याचा धंदा बसेल, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता जमिनीकडे येतो. इथून पुढे सरपंचांनी चष्मा लावून वाचावं.

एक मेगावॅटला साधारण दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर जागा लागते. 16,000 मेगावॅटला गुणा : 32,000 हेक्टर, म्हणजे 80,000 एकर. एवढी जमीन येणार कुठून? दोन ठिकाणांहून. एक, शेतकऱ्याची खाजगी जमीन. दोन, सरकारी जमीन, आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरानच.

खाजगी जमीन दिली तर शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडं, आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. खडकाळ माळरानाला एवढं उत्पन्न बापजन्मात आलं नसेल, त्यामुळे ज्याची अशी जमीन उपकेंद्राजवळ आहे त्याने खुशाल द्यावी. सरकारी जमीन दिली तर भाडं नाममात्र, वर्षाला एक रुपया. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प झाला तिला प्रोत्साहन म्हणून वर्षाला 5 लाख, तीन वर्षं, म्हणजे एकूण 15 लाख.

15 लाख हा आकडा ऐकला की सरपंचाच्या डोळ्यांसमोर सभामंडप उभा राहतो. मी त्यांना दोष देत नाही. पण जरा पाटी-पेन्सिल घ्या.

समजा तुमच्या गायरानावर 5 मेगावॅटचा प्रकल्प येणार आहे. जागा 10 हेक्टर, पंचवीसेक एकर. हीच 10 हेक्टर जमीन एखाद्या पाटलाच्या मालकीची असती तर त्याला पहिल्या वर्षी साडेबारा लाख मिळाले असते. वाढ अगदी सरळ हिशोबाने, चक्रवाढ न धरता लावली, तर पंचवीस वर्षांत सव्वाचार कोटी. आणि तीच जमीन साऱ्या गावाची असल्यामुळे गावाला 15 लाख. खाजगी मालकाला सव्वाचार कोटी, गावाला पंधरा लाख. जमीन तीच, ऊन तेच, पॅनेल तेच. एकाची असली की महाग, सगळ्यांची असली की फुकट.

यावर साहेब लोकांचं ठरलेलं उत्तर असतं : "गायरान शासनाचं आहे, ग्रामपंचायतीकडे फक्त देखभालीला आहे. आणि वीज शेवटी तुमच्याच शेतकऱ्यांना मिळते ना? भाडं दिलं तर वीज महाग होईल." पहिला भाग कायद्याने खरा आहे. दुसऱ्याचा हिशोब करू. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅटपासून वर्षाला ढोबळमानाने 16 लाख युनिट निघतात. 5 मेगावॅटचे 80 लाख. साडेबारा लाख रुपये भाडं 80 लाख युनिटांवर वाटा. युनिटमागे सोळा पैसेसुद्धा होत नाहीत. ही वीज साधारण तीन रुपयांच्या आसपास विकत घेतली जाते. तीन रुपयांत सोळा पैसे. याच सोळा पैशांनी खाजगी जमिनीवरचे प्रकल्प बुडत नाहीत, मग गायरानावरचे कसे बुडतील?

पण माझा खरा मुद्दा भाड्याच्या रकमेचा नाही, ते भाडं कोणाचं, याचा आहे. इथे मला आमच्या गावातल्या एका म्हातारीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिच्याकडे पाच शेळ्या आहेत आणि सातबारा नाही. रोज सकाळी शेळ्या घेऊन ती गायरानात जाते, दुपारी बाभळीखाली भाकरी खाते, येताना डोक्यावर काटक्यांचा भारा आणते. करडू विकून पोराच्या शिक्षणाचं भागवलं, लेकीचं बाळंतपण केलं. एकदा तिने मला विचारलं, "भाऊ, ते सोलर आल्यावर वीज कुणाला?" मी म्हटलं, "ज्याची मोटर आहे त्याला." ती म्हणाली, "माझी कुठंय?"

मी वायरमन माणूस. फ्यूज कुठे उडाला हे चटकन समजतं. या योजनेतला फ्यूज इथे उडालाय. शेतीच्या फीडरवरची वीज ज्याच्याकडे विहीर आणि मोटर आहे त्याला मिळते. गायरान वापरतो तो मात्र ज्याच्याकडे दोन्ही नाही तो : भूमिहीन, शेळीवाल्या बाया, दोन म्हशींवर जगणारा, पारधी वस्तीतला माणूस, गोवऱ्या-सरपण गोळा करणारी पोरं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगर वाटेत ज्या माळावर वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) लावतात, ते माळही हेच. त्यांचं तर तुमच्या गावच्या मतदारयादीत नावच नसतं, ते ठरावावर काय बोलणार? म्हणजे मोटर नसलेल्यांची जमीन घेऊन मोटर असलेल्यांना वीज द्यायची. कुणी ठरवून केलेलं नाही हे. पण न ठरवताही तेच होतंय.

कागदावर गायरानाला 'पडीक' म्हणायची खोड जुनी आहे. पडीक म्हणजे जिथे पीक नाही. मग गवत काय आहे? पावसाळ्यानंतर पवन्या-कुसळीचं गवत कमरेएवढं उभं असतं त्याची किंमत ज्याच्याकडे गुरं नाहीत त्याला कळत नाही. माळावर लांडगा असतो, खोकड असतं, चंडोल अंडी घालतो. नकाशावर ते सगळं एका राखाडी रंगात जातं.

शिवाय गायरानाला आपल्याकडे एक इतिहास आहे, विशेषतः मराठवाड्यात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 मध्ये भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह झाला, हजारो माणसं तुरुंगात गेली, मागणी हीच : पडीक सरकारी जमीन कसायला द्या. त्यानंतर कितीतरी दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानाचे तुकडे दगड वेचून कसायला घेतले. शासनाने 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. किती जणांच्या नावावर सातबारा चढला आणि किती जण अजून दंडाच्या पावत्या पुरावा म्हणून ट्रंकेत जपून बसलेत, हे तुमच्या गावात तुम्हालाच माहीत. मग 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा आदेश दिला, राज्यानेही त्याच वर्षी जुलैत गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर निर्बंध घातले, सार्वजनिक कामाची आणि दुसरी जागा नसण्याची अट घातली. बंगले-गाळे बांधून बसलेल्या बड्या लोकांसाठी ती कुऱ्हाड होती, पण ती पडते ती नेहमी झोपडीवर. आता सौर प्रकल्प हे सार्वजनिक काम आहे, म्हणून गायरान मोकळं करा, अशी गाडी सरळ रुळावर आली. तुमच्या गावात असा एखादा कसणारा असेल तर त्याचा निकाल आधी लावा, पॅनेल नंतर. पोलीस बंदोबस्तात खड्डे खणलेल्या प्रकल्पाची वीज दिवसाची असली तरी उजेडाची नसते.

तर ठराव करून द्यायचा का? द्या, पण फुकट देऊ नका, आणि न बघता देऊ नका.

जागा बघायला सगळ्यांनी जावं. नकाशावर गट नंबर दाखवतात आणि आपण माना डोलावतो. तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण काम तेच) बोलावून टेप धरून हद्द दाखवायला लावा. कुंपण कुठून जाणार? गुरांची वाट त्यात जाते का? पाझर तलावाकडे जायचा रस्ता बंद होतो का? स्मशानभूमी, मसणवटा, म्हसोबा कुंपणाच्या आत येतो का? अंदाजे आखलेली रेघ पुढे लोखंडी जाळी होते, आणि जाळी झाली की ती हलत नाही. गायरानाचा सगळ्यात खडकाळ कोपरा द्या, गवताचा नको. प्रकल्पवाला सपाट भाग मागेल, कारण त्याला खर्च कमी. घासाघीस करा. आठवडी बाजारात पाच रुपयांची मेथी घेताना करता तेवढी जरी केली तरी पुष्कळ.

पॅनेलखाली चराई ठेवता येते. मेंढ्या गवत खातात, तारांना त्रास देत नाहीत. शेळ्यांचा भरवसा देत नाही, त्या पॅनेलवर चढतील. जगात कितीतरी ठिकाणी मेंढ्या सोडूनच गवत कापलं जातं, कंपनीचा गवत कापायचा खर्च वाचतो. थोडे उंच खांब लावले तर खाली भाजीपाला, चारापीकही निघतं. परभणीला कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर तसे प्रयोग झाले आहेत. खांब उंच केले की लोखंड जास्त लागतं म्हणून ठेकेदार नको म्हणतो. ठरावात लिहा. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जातं, आणि ठेकेदाराचा सुपरवायझर तर सहा महिन्यांनी बदलतो.

पाण्याचंही लिहा. पॅनेल धुवावे लागतात, नाहीतर धुळीने वीज घटते. एका मेगावॅटला दोनेक हजार पॅनेल. एका पॅनेलला दोन लिटर धरले तरी एका धुण्याला चार हजार लिटर, म्हणजे 5 मेगावॅटला वीस हजार. महिन्यातून दोनदा धुतले तर चाळीस हजार. एप्रिलमध्ये गावाला टँकर चालू असताना हे पाणी कुठल्या बोअरचं, हा प्रश्न विचारायला लाजू नका. कोरड्या ब्रशने साफ करायची यंत्रं असतात, ती वापरायला सांगा.

राखणदार, गवत कापणारा, पॅनेल धुणारा गावातलाच असावा, आणि निदान निम्म्या जागा भूमिहीन घरांतल्या. पंचवीस वर्षांनंतर मोडके पॅनेल उचलून न्यायची जबाबदारी कोणाची, तेही ठरावात यावं. 2022 च्या ई-कचऱ्याच्या नियमांत सौर पॅनेल धरलेले आहेत, पण नियम दिल्लीत असतो आणि काचा गायरानात.

आणि भाडं. इथे माझं म्हणणं ठाम आहे. खाजगी जमिनीला जो दर तोच गायरानाला, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे व ऊर्जा विभागाकडे पाठवावा. एका गावाचा ठराव फायलीत जातो. चारशे गावांचे गेले तर कुणालातरी फाईल उघडावी लागते. पैसे मिळाले तर ते सभामंडपाला किंवा कमानीला नकोत. पहिला वाटा गायरानावर जगणाऱ्यांचा : चाऱ्याची लागवड, जनावरांचा दवाखाना, भूमिहीन घरांना वर्षाकाठी थेट काही रक्कम. मोटरवाल्यांना त्यांचा वाटा फीडरमधून मिळतोच आहे. मी स्वतः मोटरवाला आहे, त्यामुळे मी जळून बोलतोय असं कुणी म्हणू नये.

काही गावं म्हणतील, आपणच सहकारी संस्था काढून प्रकल्प का उभारू नये? प्रश्न चांगला आहे. केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेत शेतकरी, सहकारी संस्था, पंचायती यांना दोन मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प उभारून वीज विकता येते. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाच्या गावात 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज विकायला लागले. पण आपल्याकडे श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचं काय झालं तेही लक्षात ठेवा. चार दशकं चालली, थकबाकीत बुडाली आणि 2011 मध्ये परवाना गेला. सहकार काढायला सोपा, वसुलीला अवघड. ज्या गावात पतसंस्था धड चालली आहे त्याने हा विचार करावा.

शेवटची गोष्ट. ती कुणी ऐकायला तयार नसतं, पण मी माझ्या धंद्यातली म्हणून सांगतो.

इतकी वर्षं आपल्या गावांत भूजलाचा कायदा कोण राबवत होतं माहीत आहे? आम्ही. म्हणजे भारनियमन. वीजच आठ तास, तीही तुटक, कमी दाबाची, त्यामुळे विहीर रात्रीतून थोडी भरायची. आमच्या शिव्या खाण्यामागे हे पुण्य लपलेलं होतं. आता दिवसा आठ तास भरवशाची वीज येणार. त्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत बिल माफ आहे, राज्यभर 44 लाख शेतकऱ्यांना. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये दहा टक्के भरून सौरपंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्क्यांत, त्याला तर मीटरच नाही. वीज फुकट, दिवसाची, भरवशाची. मग बोअर कशाने थांबणार? पाणी संपल्यावर.

आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या बेसाल्टवर बसलाय. वाळूत पाणी मुरतं तसं यात मुरत नाही, भेगांत आणि वरच्या मुरमात काय असेल तेवढंच. तीनशे फुटांखाली पाणी लागलं म्हणजे देव पावला असं नाही, पोरांच्या वाटणीचं उचललं असंही असू शकतं. 2009 च्या भूजल कायद्याने अधिसूचित भागात 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. दोनशे फूट. तुमच्या गावातली सगळ्यात नवी बोअर किती फुटांची आहे? लिहीत नाही, तुम्ही मनातल्या मनात मोजा.

हिवरेबाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं, ऊस-केळी बंद केली, आणि दरवर्षी पाऊस मोजून किती पाणी आहे, कोणतं पीक घ्यायचं, हे ग्रामसभेत ठरवतात. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली ती यासाठीच. सगळ्यांना हिवरेबाजार होता येत नाही हे मलाही माहीत आहे, आमच्या गावात तर दोन गट हनुमान जयंतीचा भंडारासुद्धा वेगवेगळा घालतात. पण ज्या सभेत गायरानाचा ठराव होईल त्याच सभेत पावसाचा आकडा आणि विहिरींची पातळी फळ्यावर लिहायला काही खर्च येत नाही. सौर फीडर सुरू होण्याच्या आधीच्या मे महिन्यात आणि नंतरच्या मे महिन्यात निदान दहा विहिरींना दोरी सोडून बघा. मी दोरी घेऊन येतो.

आता सभेचंच बोलू. गणपूर्तीला शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यातलं जे कमी असेल ते लागतात, आणि गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेला ती अटच नाही. गायरानाचे ठराव अशाच तहकूब सभांत, अकरा सह्यांवर झालेले मी पाहिलेत. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची असते, ती रजिस्टरात होते. या वेळी खरीखुरी घ्या. दवंडी पारधी वस्तीवर आणि मेंढपाळांच्या वाड्यावरही पिटवा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून हात झटकू नका, त्या म्हातारीकडे फोनच नाही.

आणि सभा सकाळी नऊला ठेवू नका. त्या वेळी शेळ्या गायरानात असतात.

आपला,
एक निवृत्त लाइनमन